मेंदूवर चुंबक धरून दुखणं कमी होतं का? (आईचं अर्धांगानंतरचं दुखणं)

कृष्णाकाठ | ३ नोव्हेंबर, रात्री १०:४०

नमस्कार. एरवी मी इथे पाककृतींचे धागे वाचून गुपचूप निघून जाते. आज गरज पडली म्हणून लिहितेय.

आई ६७ वर्षांची, सांगलीत असते. दीड वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका आला. थोडक्यात निभावलं असं सगळे म्हणाले, कारण चालता-बोलता येतंय, डावा हात जरा जड, एवढंच. पण चार महिन्यांनी त्याच डाव्या अंगात आग सुरू झाली. आईच्या शब्दांत, "मिरच्या वाटलेल्या हातानं कुणीतरी अंग चोळतंय." पदर घासला तरी कळ येते. गार पाणी लागलं की चटका बसल्यासारखं ओरडते. पंख्याचं वारं सहन होत नाही, म्हणून सगळा उन्हाळा बाबा हॉलमध्ये झोपले. डाव्या हातातल्या बांगड्या तेव्हाच उतरवून डब्यात ठेवल्यात.

एमआरआयमध्ये उजव्या थॅलॅमसमध्ये (मेंदूत खोलवर असलेलं संवेदनांचं केंद्र) छोटासा डाग आहे. न्यूरॉलॉजिस्ट म्हणाले, "हाताला काही झालेलं नाही, दुखणं मेंदूतच तयार होतंय." अमिट्रिप्टिलिन झालं, प्रीगाबालिन झालं. त्याने गुंगी येते, पाय सुजतात, आग आहे तिथेच.

आता एका सेंटरवाल्यांनी आरटीएमएस सुचवलंय, म्हणजे डोक्यावरून मेंदूला चुंबकाचे वारंवार ठोके. डोक्याच्या डाव्या बाजूला पुढे, कपाळाच्या वर कॉइल ठेवायची, २० सेशन, पॅकेजचे पैसे आगाऊ. "जवळजवळ सगळ्यांना फरक पडतो," असं रिसेप्शनवरच सांगितलं. हे शॉक देणं आहे का? कुणाच्या घरी कुणी घेतलंय का? बाबा म्हणतात, आता हे चुंबकाचं खूळ कुठून काढलंस.

रानजाई | ३ नोव्हेंबर, रात्री ११:१५

वाचूनच कसंतरी झालं गं. माहिती काही नाही, पण धागा वर राहावा म्हणून प्रतिसाद देतेय. आईंना सांभाळ.

फिजिओताई | ४ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

कृष्णाकाठ, मी फिजिओथेरपिस्ट आहे, नाशिकला. डॉक्टर नाही, तेव्हा माझ्या शब्दावर काही ठरवू नका. पण न्यूरोच्या पेशंटबरोबर बरीच वर्षं काम केलंय.

पहिली गोष्ट, हा शॉक नाही. शॉकमध्ये भूल देऊन मुद्दाम फिट आणतात. आरटीएमएसमध्ये माणूस खुर्चीत जागा बसलेला असतो. डोक्यावर टकटक होते, कान बंद करायला बोळे देतात, कारण आवाज चांगलाच मोठा असतो. नंतर आपल्या पायांनी चालत घरी.

दुसरं, आमच्याकडे दुखऱ्या जागी चिकटपट्ट्या लावून मुंग्या आणतो ते टेन्स, आणि ते वेगळं. ते नसांवर काम करतं. आईंच्या नसा ठीक आहेत, बिघाड वर आहे. म्हणून वरच काहीतरी करायचं, हा विचार मुळात चुकीचा नाही. थॅलॅमसच्या झटक्यानंतरच्या या दुखण्याचं वर्णन देजेरीन आणि रूसी या फ्रेंच डॉक्टरांनी १९०६ मध्येच केलंय. औषधांना दाद न देण्याबद्दल ते बदनामच आहे.

पण एक गोष्ट खटकली. कॉइल डाव्या बाजूला पुढे? नक्की तसंच म्हणाले का? संध्याकाळी सविस्तर लिहिते, आता ओपीडी आहे.

वायरमन | ४ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

पेशाने इलेक्ट्रिकल इंजिनिअर, त्यामुळे मशीनपुरतं बोलतो.

चुंबक म्हणजे फ्रिजवर चिकटवतो तो नव्हे. इंग्रजी आठच्या आकड्यासारखी तांब्याची कॉइल असते. कपॅसिटर चार्ज करून तिच्यातून क्षणभर हजारो अँपिअर सोडतात. चुंबकक्षेत्र दीड-दोन टेस्लापर्यंत जातं, म्हणजे एमआरआयच्या तोलाचं, पण सेकंदाच्या दहा हजाराव्या भागात वर जाऊन लगेच खाली. क्षेत्र इतक्या झपाट्याने बदललं की जवळच्या वाहकात वीज उपजते. हा फॅरडेचा नियम, दहावीला पाठ केलाय सगळ्यांनी. इथे वाहक म्हणजे मेंदूचा वरचा थर. कवटी चुंबकक्षेत्राला अडवत नाही, त्यामुळे भोक पाडायला लागत नाही. मात्र दोन-तीन सेंटिमीटरच्या खाली जोर उरत नाही. थॅलॅमस त्याहून कितीतरी खोल, तिथे थेट पोचणं शक्य नाही.

१९८० मध्ये मर्टन आणि मॉर्टन यांनी लंडनला कवटीवरून थेट वीज देऊन हात हलवून दाखवला होता, पण ते भयंकर दुखायचं. १९८५ मध्ये शेफिल्डला अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी तेच कॉइलने केलं. बोट उडालं आणि माणूस कळवळला नाही. सगळं तिथून सुरू झालं.

सुखाची झोप | ४ नोव्हेंबर, सकाळी १०:०२

ताई, इतका खर्च कशाला? आमच्याकडे चुंबकीय गादी आहे. गुडघे, कंबर, बीपी सगळ्यावर गुण. माझ्या सासूबाईंना पंधरा दिवसांत फरक. माहिती हवी असल्यास व्यनि करा.

वायरमन | ४ नोव्हेंबर, सकाळी १०:२०

गादीतलं चुंबक हलतं का? नाही. क्षेत्र बदललं नाही तर वीज उपजत नाही. फ्रिजलाही ते पंधरा वर्षं चिकटलेलंच आहे, बर्फ काही लवकर झालेला नाही.

शंकासुर | ४ नोव्हेंबर, दुपारी २:४५

गादीवाल्यांना हाणलंत ते बरं केलंत, पण कॉइलवाल्यांनाही तोच चष्मा लावू या.

कॉक्रेनने (जगभरच्या वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणारी संस्था) २०१८ मध्ये या उपचारांचा आढावा घेतला. ९४ चाचण्या, जवळपास ३,००० पेशंट. चेताकेंद्रावर (मेंदूतला हालचालीचा पट्टा) जलद गतीने दिलेल्या आरटीएमएसच्या एका सत्राने दुखण्यात पडलेला सरासरी फरक सुमारे १२ टक्के. दहाच्या पट्टीवर ०.७७. पेशंटला जाणवेल असा किमान फरक त्यांनी १५ टक्के धरला होता. संथ गतीच्या उपचाराचा तर काहीच परिणाम नाही. पुराव्याचा दर्जाही कच्चा.

जपानमध्ये २०२० साली १४४ पेशंटची चाचणी आली, नसांच्या दुखण्यावरचीच. रोज एक अशी पाच सत्रं. खरी कॉइल आणि लुटुपुटूची कॉइल यांत ठरवता येण्याजोगा फरक निघाला नाही.

लुटुपुटूची म्हणजे टकटक तीच, खुर्ची तीच, डॉक्टरांचा गंभीर चेहरा तोच, फक्त मेंदूपर्यंत काही जात नाही. तिचा गुण किती येतो ते बघा. लखनौच्या संजय गांधी संस्थेत अर्धशिशीच्या १०० पेशंटवर चाचणी झाली, २०१३ मध्ये छापून आली. महिन्याभराने झटके निम्म्याहून कमी झालेले पेशंट खऱ्या गटात सुमारे ७९ टक्के. उत्तम! पण लुटुपुटूच्या गटातही ३३ टक्के. तीनातला एक जण नुसत्या टकटकीवर सुधारला. सेंटरवाल्यांच्या "जवळजवळ सगळ्यांना" मध्ये हे सगळे धरलेले असतात.

कृष्णाकाठ, तुमचा उत्साह मोडायचा नाही. आगाऊ पैसे मात्र भरू नका.

तिसरा मजला | ४ नोव्हेंबर, सायंकाळी ५:१०

वाचतोय. वडिलांना नागीण होऊन गेली, फोड सुकून वर्ष झालं, बरगडीखालची आग अजून आहे. त्यांना चालेल का हे? आणि माझे गुडघे?

फिजिओताई | ४ नोव्हेंबर, रात्री ९:३०

आले. शंकासुर, आकडे बरोबर आहेत, पण तुम्ही सगळं धान्य एकाच पोत्यात भरलंत. कॉक्रेनच्या त्या पोत्यात फायब्रोमायल्जिया (अंगभर दुखण्याचा आजार), पाठदुखी, नसांचं दुखणं, सगळं एकत्र आहे. आईंचं दुखणं त्यातल्या एका ठरावीक जातीचं, नसांच्या दुखण्याचं. बिघाड नसेत असो की मेंदूतल्या तिच्या वाटेवर, डॉक्टर दोन्ही याच नावात धरतात. युरोपातल्या तज्ज्ञांच्या गटाने २०१४ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये पुरावे जातवार तपासले. नसांच्या दुखण्यासाठी, दुखऱ्या अंगाच्या विरुद्ध बाजूच्या चेताकेंद्रावर जलद आरटीएमएस, याला त्यांनी वरची श्रेणी दिली. 'अ' श्रेणी. किती गुण येतो याबद्दल नव्हे, गुण येतो की नाही याबद्दल. या दोन गोष्टींत लोक गल्लत करतात.

आता सकाळचं खटकलेलं.

चेताकेंद्र म्हणजे हालचालीचा पट्टा, साधारण कानाच्या वर, डोक्याच्या माथ्याकडे जाणारा. कपाळामागचा डावा भाग वेगळा. तिथे कॉइल ठेवतात ती डिप्रेशनसाठी. अमेरिकेत २००८ मध्ये या यंत्राला पहिली मान्यता मिळाली ती डिप्रेशनसाठीच, आणि आपल्याकडचीही बरीच मशीन मानसोपचारवाल्यांकडे आहेत. त्यांचा हात त्या जागेवर बसलेला. फ्रान्समध्ये नसांच्या दुखण्यावर १४९ पेशंटची चाचणी झाली, २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. एका गटाला चेताकेंद्रावर, एकाला कपाळामागे, एकाला लुटुपुटूचं (शब्द आवडला). २२ आठवड्यांत १५ सत्रं. चेताकेंद्राचा गट लुटुपुटूपेक्षा सरस ठरला, कपाळामागचा नाही. मुद्दा जागेचाच आहे.

आईंचा डाग उजवीकडे, दुखतंय डावीकडे. मग कॉइल उजव्या चेताकेंद्रावर हवी. सेंटरवाले डावीकडे पुढे म्हणताहेत. दुखण्यामुळे मन खचलंय, ते सुधारावं म्हणून देत असतील तर तसं स्पष्ट सांगू देत. पण आग कमी होईल असं सांगून तिथे ठेवत असतील तर उठून या.

तिसरा मजला, नागिणीनंतरची आग नसांच्या जातीत मोडते, विचारायला हरकत नाही. पण आधी साधी औषधं नीट, पुरेशा मात्रेत झालीत का ते बघा. तुमच्या गुडघ्यांना मात्र मांडीचे व्यायाम. मेंदूला कशाला त्रास!

रानजाई | ४ नोव्हेंबर, रात्री १०:०५

पण हालचालीच्या जागेवर टकटक करून दुखणं का कमी व्हावं? आणि वायरमन म्हणतात तिथून थॅलॅमसपर्यंत पोचतच नाही.

फिजिओताई | ४ नोव्हेंबर, रात्री १०:५०

चांगला प्रश्न, आणि याचं उत्तर आधी हाताने सापडलं, डोक्याने नंतर. १९९१ मध्ये जपानमध्ये त्सुबोकावा या न्यूरोसर्जननी नेमक्या आईंसारख्या पेशंटच्या मेंदूच्या आवरणावर ऑपरेशन करून इलेक्ट्रोड बसवले. संवेदनेच्या पट्ट्यावर बसवलेल्यांचा उपयोग होत नव्हता, शेजारच्या हालचालीच्या पट्ट्यावर बसवल्यावर आग कमी झाली. कॉइल ही त्याचीच बिनऑपरेशनची धाकटी बहीण.

वीज खाली पोचत नाही, पण त्या पट्ट्यातल्या पेशींचे धागे खाली थॅलॅमसकडे आणि मेंदूच्या बुंध्याकडे गेलेले आहेत. वर घंटी वाजवली की खालच्या मजल्यावर दार उघडतं. बुंध्यातून शरीराची स्वतःची अफूसारखी रसायनं सुटतात. २०११ मध्ये निरोगी लोकांवर प्रयोग करून दाखवलं गेलं, की अफूचा परिणाम मारणारं नॅलॉक्सोन आधी टोचलं तर चेताकेंद्रावरच्या आरटीएमएसचा गुणही उतरतो. शंकासुर, नुसत्या टकटकीच्या गुणाला हे इतकं सरळ लागू होत नाही, की होतं?

शंकासुर | ४ नोव्हेंबर, रात्री ११:२०

खरं तर होतं. श्रद्धेने येणारा गुणही काही प्रयोगांत नॅलॉक्सोनने उतरलाय. पण त्या अभ्यासात लुटुपुटूचा गटही होता, त्यामुळे अर्धा मुद्दा तुमचा. जातवार पोत्यांचा मुद्दा पूर्ण मान्य.

मालवणी मसाला | ५ नोव्हेंबर, सकाळी ८:१५

अवांतर: रोमन काळात स्क्रिबोनियस लार्गस नावाचा वैद्य होता. डोकेदुखीवर कपाळावर जिवंत पाकट ठेवायला सांगायचा, विजेचा झटका देणाऱ्या जातीचं. बधीर होईपर्यंत ठेवायचं. दोन हजार वर्षांपूर्वीचं बिनऑपरेशनचं मेंदूचेतन! आमच्याकडे पाकट मिळालं तर त्याचा तिखला होतो, डोक्यावर कोण ठेवतो.

वायरमन | ५ नोव्हेंबर, सकाळी ८:४०

हसू नका, पाकटाचे वारस ऑनलाइन विकले जातात. टीडीसीएस म्हणतात. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज डोक्यावर, १ ते २ मिलिअँपिअर सरळ प्रवाह, २० मिनिटं. यात पेशी उडत नाहीत, फक्त त्यांचा कल जरासा बदलतो. यंत्र स्वस्त, म्हणून लोक घरी ९ व्होल्टची बॅटरी जोडून प्रयोग करतात. मीही केलाय, बायकोला सांगू नका. स्पंज एका कडेला सुकला, सगळा प्रवाह उरलेल्या ओल्या भागातून गेला आणि कपाळावर रुपयाएवढा डाग पडला. ऑफिसात आठवडाभर "कुंकू छान दिसतंय" ऐकून घेतलं. प्रवाह स्थिर ठेवणारं सर्किट नसेल तर हात लावू नका.

फिजिओताई | ५ नोव्हेंबर, दुपारी १:२०

बापरे. टीडीसीएसचा फायब्रोमायल्जियात थोडाफार आधार आहे, तोही देखरेखीखाली.

कृष्णाकाठ, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न: कॉइल कुठे आणि कोणत्या बाजूला, गती किती, एका सत्रात ठोके किती, आणि मोटर थ्रेशोल्ड काढणार का. शेवटचा सगळ्यांत महत्त्वाचा. विरुद्ध हाताचा अंगठा उडेपर्यंत जागा आणि जोर शोधतात, मग त्याच्या ८०-९० टक्के जोराने उपचार देतात. अंगठा न शोधता टोपीवर खूण करून कॉइल ठेवली तर ती अंधारात मारलेली गोळी. आणि तुम्ही आपणहून सांगायचं: झटक्यानंतर कधी फिट आली होती का, डोक्यात ऑपरेशनमध्ये बसवलेली धातूची क्लिप, कानात कॉक्लिअर (ऐकू येण्यासाठी आत बसवलेलं यंत्र), छातीत पेसमेकर आहे का. फिट येणं फार विरळा, पण झटका येऊन गेलेल्या माणसात हे विचारल्याशिवाय सुरू करू नये.

कृष्णाकाठ | १२ नोव्हेंबर, रात्री ९:५०

सगळ्यांचे मनापासून आभार. सेंटरला फोन करून विचारलं, दुखणं डावीकडे आणि कॉइलही डावीकडे का? तिकडून "मॅडम, प्रोटोकॉल सगळ्यांना एकच असतो." मोटर थ्रेशोल्ड म्हटल्यावर फोन दुसऱ्याकडे दिला, दुसऱ्याने कट केला.

न्यूरॉलॉजिस्टना वायरमनचं आणि फिजिओताईंचं लिखाण दाखवलं (चिडतील वाटलं होतं, उलट पाकटाचं वाचून हसले). त्यांनी पुण्यात एका डॉक्टरांचं नाव दिलं. १७ तारखेपासून दोन आठवडे, दहा सत्रं, पैसे रोजच्या रोज. डॉक्टरांनी आधीच सांगितलं, "तीनातल्या एकाला बरा फरक पडतो असं धरून चला, आणि तो एक तुम्ही असाल असं मी म्हणणार नाही." बाबांना हे फार पटलं. इतकं कमी आश्वासन देणारा माणूस खोटं बोलत नसेल, असं त्यांचं म्हणणं.

शंकासुर | १२ नोव्हेंबर, रात्री १०:१०

डॉक्टर आवडले. एक विनंती, आजपासून आईंना रोज ठरल्या वेळी दुखण्याचा आकडा लिहायला सांगा, ० ते १०. सुरू व्हायच्या आधीचे दिवसही हवेत. नाहीतर नंतर कुणालाच काही आठवत नाही.

कृष्णाकाठ | ४ डिसेंबर, रात्री ८:३०

दहा झाली. पहिल्या दिवशी अंगठा शोधायलाच पाऊण तास. कॉइल सरकवत सरकवत एका जागी डावा अंगठा टुणकन उडाला आणि आई घाबरण्याऐवजी हसली. "माझा मी हलवला नाही हां," असं डॉक्टरांना सांगत होती. मग रोज १५ मिनिटं. दहा सेकंद टकटकटक (सेकंदाला दहा ठोके), वीस सेकंद शांत, असं तीस वेळा. म्हणजे ३,००० ठोके. दोनदा डोकं दुखलं, क्रोसिनने थांबलं.

पाचव्या दिवसापर्यंत काहीच नाही. आई म्हणायला लागली, पैसे वाया. सातव्या-आठव्या दिवशी आकडा ८ वरून ७, नंतर ६, मध्येच एकदा ५, परत ६. आग आहे. पण रात्री दोनला उठून बसायची, ते बंद झालंय.

शंकासुर | ४ डिसेंबर, रात्री ९:०५

८ वरून ६ म्हणजे २५ टक्के. लुटुपुटूचा वाटा त्यात किती ते आपल्याला कधीच कळणार नाही, आणि आईंना त्याची फिकीर असायचं कारणही नाही. किती टिकतं ते बघा.

कृष्णाकाठ | २१ जानेवारी, रात्री १०:१५

उशीर झाला, माफ करा. नाताळाच्या सुमारास आकडा परत ७ वर गेला. डॉक्टर म्हणाले अपेक्षितच आहे, आता आधी आठवड्याला एक, मग पंधरवड्याला एक. सांगली ते पुणे जाऊन-येऊन साडेचारशे किलोमीटर, पंधरा मिनिटांच्या टकटकीसाठी. पहाटेची एसटी, रात्री परत. बाबा कुरकुर करतात आणि डबा स्वतःच भरतात. हे किती महिने झेपेल ठाऊक नाही. प्रीगाबालिन अर्ध्यावर आणलंय, त्यामुळे पायांची सूज उतरली. मला विचाराल तर आत्तापर्यंतचा मोठा फायदा हाच.

संक्रांतीला आईने डाव्या हातात दोन काचेच्या बांगड्या घातल्या. संध्याकाळी हळदीकुंकू आटोपल्यावर काढल्या. टोचत होत्या म्हणाली.

फिजिओताई | २२ जानेवारी, सकाळी ७:३०

हळदीकुंकू होईपर्यंत टिकल्या की!

शंकासुर | २२ जानेवारी, सकाळी ९:४०

वही चालू आहे ना? आलेख काढून देतो, आकडे पाठवा.

कृष्णाकाठ | २२ जानेवारी, रात्री ९:००

वही कसली, आई कालनिर्णयवर लिहिते. त्याच चौकोनात दुधाचा हिशेबही आहे. ११ तारखेला नुसता '२' लिहिलेला दिसला म्हणून मी आनंदाने उडालेच. आईला विचारलं तर म्हणाली, "अगं, पाहुणे होते. दोन लिटर घेतलं त्या दिवशी."